मदत हवी आहे: ५२व्या वर्षी परत सॉफ्टबॉल, खांद्याचं काय करू?

राजेहो, मी दर्यापूरकडचा, कॉलेजात शॉर्टस्टॉपवर (सेकंड आन थर्ड बेसच्या मधात) खेळायचो, मंग लग्न, वावर, पोट्टे, ग्लोव्ह गेला माळ्यावर. आता शाळेच्या मैदानावर पोट्टे खेळताना पाहून राहवलं नाई, ग्लोव्ह काढला तं चामडं पापडासारखं कडक, एका कोपऱ्याले उंदरानं कुरतडलेलं. पहिल्याच दिवशी बंट मारून (बॅट नुसती बॉलले टेकवून) पळालो, बेस ६० फुटांवरच असते पण अर्ध्यातच मांडीची शीर अशी धरली का पोट्टे हासून बेजार. ते जाऊ द्या, खरी पंचाईत खांद्याची हाय, शॉर्टवरून फर्स्टले दहा-बारा थ्रो केले का रात्री कूस बदलता येत नाई. बायको म्हणते, तुरीचं पोतं उचलाले सांगितलं का तवाच दुखते तुमचा खांदा.

पन्नाशीनंतर कोणी परत सुरू केलं काय? थ्रो किती दिवसाआड करावे, अंतर कसं वाढवावं? का सरळ सेकंड बेसवर उभा राहू, तिथून फर्स्ट जवळ पडते? स्लो पिचचाही (हळू बॉल टाकाच्या सॉफ्टबॉलचा) इचार हाय, ५० फुटांवरून कमान काढून बॉल येते, डोळ्याले बी बरं. आन फर्स्टवरची ती पांढरी-केशरी डबल बेस (पांढरी फिल्डरले, केशरी पळणाऱ्याले) पोत्याची घरीच शिवता येईन का, या वयात टक्कर नको बाप्पा. ग्लोव्हले एरंडीचं तेल चालते का खोबऱ्याचं?