काराव्हाज्जोचा संत फ्रान्सिस: पाच जखमा की नुसती भावसमाधी?

कोळसा: अमेरिकेत हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ संग्रहालयातलं, इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं हे चित्र, साधारण 1595 चं, जेमतेम 92 बाय 128 सेंमी. (हा असिसीचा फ्रान्सिस. जुन्या गोव्यात शव आहे तो झेवियर, दरवेळी घोळ होतो.) प्रसंग 1224 चा: ला व्हेर्ना डोंगरावर सेराफ, म्हणजे सहा पंखांचा वरच्या श्रेणीचा देवदूत, उतरला आणि फ्रान्सिसच्या अंगावर ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या पाच जखमा उमटल्या. चित्रात मात्र सेराफ नाही, किरण नाहीत, रक्त नाही. दोन पंखांचा पोरसवदा देवदूत आणि त्याच्या आधाराने कलंडलेला, शुद्ध हरपलेला संत. माझ्या मते हे जखमांचं चित्रच नाही. मृत ख्रिस्ताला देवदूत सावरतात ती जुनी मांडणी उचललीय, बस.

लिंबूटिंबू: साफ चूक. छातीवरची जखम दिसली नाही? मागच्या काळोखात फ्रान्सिसचा सोबती ब्रदर लिओ आहे, त्याच्याही मागे शेकोटीपाशी माणसं, वर आकाशात उजेडाचे पट्टे. डोंगर उजळला नि मेंढपाळ दचकले, ही कथा तिथे आहे. जुना इटालियन चित्रकार जोत्तो, त्याच्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या फलकावर सेराफपासून शरीरापर्यंत सोनेरी रेषा ओढल्यात. इथे रेषा काढून टाकल्या, घाव ठेवला.

कोळसा: घाव आहे, मान्य. पण तो होताना दिसत नाही, होऊन गेलाय. देवदूताचा हात बघा, कमरेच्या दोरीपाशी. देह घसरू नये म्हणून धरलाय. सगळा उजेड त्या धरण्यावर आहे. आणि त्याच काळातल्या चित्रकार बाल्योनेने 1601 मध्ये फ्रान्सिस केला (शिकागोत आहे), त्यात काय घेतलं? मूर्च्छा आणि देवदूत, एकाऐवजी दोन.

लिंबूटिंबू: ज्याने 1603 मध्ये बदनामीच्या कवितांवरून काराव्हाज्जोला कोर्टात खेचलं, त्याच्या चित्रावरून याचा अर्थ लावायचा? उचलणाऱ्याला जे जमलं ते त्याने उचललं.

उंबर: दोघंही काळोखावर फार भिस्त ठेवताय. गडद अस्तरावर (रंगाखालचा पहिला थर) काम करताना सावल्या पातळ ठेवतात, उजेडात लेड व्हाइट, म्हणजे शिशाचा पांढरा रंग, जाड लागतं. तेलरंग जुना झाला की पारदर्शक होत जातो, पातळ भागातून अस्तर वर येतं आणि मधल्या छटा बुडतात. जाड पांढरं जागचं हलत नाही. म्हणजे देवदूताचं वस्त्र टिकतं आणि लिओ हरवतो. आज दिसतो तेवढा अंधार मुळात असेलच असं नाही.

नक्कल करणारेही इथेच फसतात. सावलीत ट्यूबमधला काळा भरला की भोक पडल्यासारखं दिसतं. बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचे पातळ थर द्या, प्रत्येक थर वाळू द्या. अंबर तेल पिऊन मॅट पडतो, तेव्हा लगेच गडद करायला धावू नका. वार्निशनंतर खोली परत येते.

कोळसा: म्हणजे मागची माणसं मुळात जास्त ठळक असतील? मग माझा मुद्दा लंगडा पडतो.

उंबर: थोडी ठळक असतील. पण लहानच, आणि मागेच. आकार वयाने बदलत नाही.

लिंबूटिंबू: स्क्रीनवर बघताना अख्ख्या चित्राचा ब्राइटनेस वाढवू नका, पांढरं फुटतं. फक्त शॅडोज उचला आणि शेकोटीपाशी झूम करा. मग सांगा तिथे काही घडतंय की नाही.

कोळसा: बघितलं. घडतंय. तरी फ्रान्सिसला त्याचा पत्ता नाही, देवदूतालाही नाही.