अनुभव धागा: परदेशातल्या ख्रिस्ती बालगृहात कुणी राहून आलंय का?

वेंगुर्ल्याहून लिहिते आहे. भाचीचं नर्सिंग झालं. चर्चमधल्या ओळखीने तिला केनियात, मोंबासाच्या वर किलिफीकडे, मुलांच्या एका होममध्ये सहा आठवडे सेवेला जायचंय. तिकीट आपलं, राहण्याजेवणाचे पैसेही आपणच भरायचे. नाताळापासून घरात दोन तट आहेत. ताई म्हणते, देवाचं काम आहे, जाऊ दे. भाऊ म्हणतो, पैसे भरून राबायला कोण जातं? आमच्या आईने एकच विचारलं, "आणि मगे त्या पोरांका सोडून येतलंस कसा?" त्यावर कुणाला काही बोलता आलं नाही. जे जाऊन आलेत त्यांनी लिहा. चांगलं-वाईट दोन्ही.

रत्नागिरी
मी त्याच किनाऱ्यावर तीन महिने होते, २०१८ साली. पहिल्या दिवशी वाटलं, विमान चुकून परत रत्नागिरीलाच उतरलं. माड, काजू, आंबे, अंगाला चिकटणारी हवा. आंब्याला तिकडे 'एम्बे' म्हणतात. बसून नारळ खवायच्या लाकडी पाटाला (आपला आडाळो) 'म्बुझी', म्हणजे बकरी! नारळाच्या रसातल्या घेवड्याची उसळ रविवारी असायची, ती खाताना मला आमच्या घरची आठवण येऊन रडू आलं होतं. एरवी रोज उगाली, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. आठवड्यात सवय होते.

आता मुलांचं. गेल्या गेल्या पाच मिनिटांत तिघं माझ्या मांडीवर. मी भारावले, घरी फोन करून सांगितलंसुद्धा. तिथल्या स्वयंपाकघरातल्या मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या मोडक्या इंग्रजीतून आणि माझ्या त्याहून मोडक्या स्वाहिलीतून कळलं ते असं: घरात वाढलेलं दोन वर्षांचं पोर अनोळखी माणूस दिसला की आईच्या मागे लपतं. ही मुलं लपत नाहीत, कारण लपायला कुणाचा पदर ठरलेला नाही. दर दोन महिन्यांनी नवी ताई येते, कडेवर घेते, जाते. मी गेल्यावर चौथी कुणीतरी येणार होतीच.

त्यानंतर मी मुलांना कडेवर घेणं बंद केलं. सोपं नव्हतं, आणि बरोबर केलं का ते अजून कळत नाही. मी पतपेढीत होते, म्हणून त्यांच्या वह्या घेऊन बसले. धान्याचा हिशेब तीन वह्यांत तीन तऱ्हेचा होता. तो एका वहीत आणला, ऑफिसातल्या मुलीला शिकवला. कंटाळवाणं काम. पण मी निघाले तेव्हा त्या वहीला माझी गरज उरली नव्हती.

भाचीने एक गोष्ट नक्की विचारावी: होमची नोंदणी कधीची? केनियाने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. त्यानंतर 'नवीन' म्हणून कुणी दाखवत असेल तर सावध.

देवगड
मुलांबद्दल वर लिहिलंय ते पुरे. मी फक्त कागदांचं सांगतो, कारण त्यातच आपटलो. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड लागतं. लस ठरावीक केंद्रांतच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. कार्ड नसेल तर आपल्याच विमानतळावरून विलगीकरणात नेतात. आणि फिरायला आलो असं सांगून शिरायचं नि तिथे काम करायचं, हे नियमात बसत नाही. परवाना होमने काढून द्यायला हवा. टाळाटाळ करत असतील तर बाकीचंही तसंच चालत असणार. किनाऱ्यावर मलेरिया आहे, गोळ्या डॉक्टरला विचारून.

दापोली
माझा अनुभव कडू आहे, थोडक्यात लिहितो. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर आमच्या ग्रुपबरोबर नेपाळला गेलो. काठमांडूजवळचं होम, नाव लिहीत नाही. तीसेक मुलं, सगळी 'अनाथ'. दशैंच्या (तिकडच्या दसऱ्याच्या) सुट्टीत त्यातल्या एकाचा बाप डोंगरातून दोन दिवस चालत-बसने भेटायला आला. शाळेत घालतो म्हणून कुणीतरी त्याच्याकडून पैसे घेऊन पोर आणलं होतं. आमच्याकडून त्याच पोराच्या अनाथपणाचे पैसे घेतले जात होते.

परत आल्यावर वाचलं. सेव्ह द चिल्ड्रेन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २००९ मध्येच मांडलं होतं की संस्थांत राहणाऱ्या पाचांतल्या चार मुलांचे आई किंवा वडील, कुणीतरी हयात असतात. आधी वाचलं असतं तर? तरी गेलो असतो बहुतेक. तेव्हा फोटो काढायची हौस होती.

मालवण
मी पलीकडच्या बाजूने लिहितो. मी इथल्याच एका बोर्डिंगात वाढलो. आईबाप दोघंही होते. बाबा मच्छीमारीला, गावात सातवीपुढे शाळा नव्हती. पावसाळ्यात कुणी येत नसे. ऑक्टोबरनंतर परदेशी दादा-ताया सुरू व्हायचे. आम्ही रांगेत गाणं म्हणायचो, तेच ते. दरवेळी आमचं नाव विचारायचे, दरवेळी सांगायचो. एका ताईने पत्र लिहीन म्हटलं होतं. मी दोन वर्षं पोस्टमनकडे बघत होतो. राग नाही आता, पण तिचं नाव विसरलेलो नाही.

एक म्हातारा मात्र तीन वर्षं ओळीने आला. विहिरीचा पंप दुरुस्त करायला. आमच्याशी फार बोलायचाही नाही. पाने कुठल्या नंबरचे ते मला त्याने दाखवले, एवढंच. माझं आता मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. त्याच्यामुळेच असं म्हणणार नाही, मामाचंही दुकान होतं.

रेवदंडा
सगळं इतकं काळंही नाही हो. मी एका ख्रिस्ती धर्मसंघाच्या सिस्टरांबरोबर पूर्ण वर्ष राहिले, टांझानियात. त्या सिस्टर वीस-वीस वर्षं तिथेच आहेत. मुलं त्यांना बिलगतात ती ओळखीने. संध्याकाळची प्रार्थना, मग अभ्यास, मग भांडणं. सुट्टीत ज्यांना कुणी नातेवाईक आहेत त्यांना घरी पाठवायचेच, बसभाडं देऊन. माझ्या मते बघायचं ते हे: सुट्टीत होम रिकामं होतं का? पाहुण्यांसाठी मुलं थांबवून ठेवत असतील तर जाऊ नये.

आणि मालवणच्या दादा, पत्र न लिहिणाऱ्यांत मीही आहे. तीन मुलींना कबूल केलं होतं.

वेंगुर्ले (पुन्हा मीच)
भाचीने होमला तीन प्रश्न पाठवले: नोंदणी, परवाना, सुट्टीत मुलं कुठे असतात. पहिल्या दोनांची उत्तरं लगेच आली. तिसऱ्याची वाट बघतोय. दरम्यान तिने विचारलंय की मुलांऐवजी तिथल्या मावशींना ताप मोजणं, पोरांना जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, हे शिकवलं तर चालेल का.

आईला सगळं वाचून दाखवलं. ती नारळ घेऊन बसली होती. मालवणच्या पत्राशी थोडी थांबली, मग मला म्हणाली, "म्हणजे थंयपण आडाळो आसा?"