ॲक्सलचं रबर फाटलंय, जॉइंट अजून शाबूत आहे. घरी बदलता येईल का? (वॅगन आर, इंदूर)

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ची पेट्रोल वॅगन आर. परवा चाक धुताना डाव्या रिमच्या आतल्या बाजूला आणि लोअर आर्मवर (चाकाला खालून धरणारा दांडा) काळं ग्रीस उडालेलं दिसलं. स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारला, तर चाकाकडच्या सी.व्ही. बूटची (ॲक्सलच्या वळत्या जॉइंटवरचं, ग्रीस धरून ठेवणारं घड्यांचं रबर) एक घडी जवळजवळ अर्ध्या गोलात चिरलेली. रबर वयाने कडक झालंय, त्यात गाडीचा काही दोष नाही.

जॉइंट झिजला की वळताना येतो तो आवाज मात्र नाही. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून (फुल लॉक) हळूहळू गोल फिरवून बघितली, कट-कट अजिबात येत नाही. सरळ रस्त्यावर वेग घेतानाही थरथर नाही.

गॅरेजमध्ये विचारलं तर एकच उत्तर मिळालं: पूर्ण ॲक्सल बदला, नुसत्या रबराला मजुरी तेवढीच लागते. मजुरीचं गणित मला कळतं, पण चांगला चालणारा मूळ जॉइंट भंगारात टाकून त्याजागी बाजारातला स्वस्तातला ॲक्सल बसवायला माझं मन तयार नाही. ह्या जॉइंटच्या गोळ्या आणि खाचा एकमेकींना बसून गेलेल्या असतात. ग्रीस टिकलं तर असे जॉइंट गाडीइतकेच टिकतात. म्हणून मला हे काम स्वतः, नीट करायचं आहे.

माझ्याकडे सॉकेट सेट, लांब दांडा, टॉर्क पाना, दोन जॅक स्टँड आणि मदतीला धाकटा भाऊ आहे. पावसाळा तोंडावर आलाय. एकदा आपल्या माळव्यातल्या काळ्या मातीचा चिखल त्या फटीतून आत गेला की जॉइंटचं काही खरं नाही. आईबाबांना जाम घाटातून महेश्वरला न्यायचं ठरलंय, त्याआधी हे उरकायचं आहे.

अडलंय ते इथे. बूट चाकाच्या बाजूने चढवायचा की गिअरबॉक्सच्या बाजूने? काही व्हिडिओंत बाहेरचा जॉइंट हातोडीने ठोकून शाफ्टवरून उतरवतात, ते ह्या गाडीत चालतं का? गिअर ऑइल काढावंच लागतं का? आणि जॉइंट वाचवण्यासारखा आहे की नाही, हे उघडल्यावर ओळखायचं कसं? सामान छोट्या ग्वालटोलीत मिळेल की सियागंजला जावं लागेल, हेही सांगा.

प्रतिसाद (इंदूर)

ताई, दुकान कुठलंही असो, जुना बूट कापून काढल्यावर तो बरोबर घेऊन जा आणि दोन्ही तोंडांचं माप जुळवून घ्या. चिरलेला, चिकटवून बसवायचा बूट मिळतो. ॲक्सल न काढता बसतो म्हणून मोह होतो, पण चाकाकडचा बूट प्रत्येक वळणावर दुमडतो आणि तो सांधा उकलतो. अखंडच घ्या. पाकिटात ग्रीस आणि बूटची तोंडं आवळायच्या दोन्ही पट्ट्या आहेत ना, ते दुकानातच उघडून बघा.

प्रतिसाद (बडोदे)

ठोकून उतरवायच्या भानगडीत पडू नका. काही गाड्यांत बाहेरचा जॉइंट आतल्या सर्क्लिपवर (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असतो आणि पितळी ठोकणीने निघतो. मारुतीच्या पुष्कळ मॉडेलांत मात्र कंपनीची सूचनाच आहे की चाकाकडचा जॉइंट शाफ्टवरून काढू नये. बूट आतल्या टोकाने, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूने सरकवत आणायचा. आतला जॉइंट ट्रायपॉड असतो, तीन रोलर असलेला, आणि तो सुटतो.

त्यामुळे आतला बूटही सुटणारच आहे. तोही नवा घेऊन ठेवा, एकाच खोलाखोलीत दोन्ही होतील.

चाक जमिनीवर असताना हबचं मोठं नट सैल करा. भावाला ब्रेक दाबून बसवा. नटाची कडा खाचेत दाबलेली असते, ती आधी पोगराने उचला, नाहीतर आटे जातील. बसवताना नट नवंच वापरा. मग गाडी स्टँडवर घ्या, चाक काढा, लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवा आणि नकल (हब धरणारा भाग) बाहेर ओढून शाफ्टचं टोक हबमधून सोडवा. अडलं तर टोकावर जुनं नट चार आटे चढवून लाकडाच्या ठोकळ्यावरून ठोका, थेट शाफ्टवर घाव नको. ब्रेकच्या नळीवर ताण येऊ देऊ नका. स्ट्रटचे (शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबाचे) बोल्ट शक्यतो सोडूच नका, ते हलले की चाकांची अलाइनमेंट करावी लागते.

आता गिअर ऑइलचं. आतल्या बूटची पट्टी कापून बूट मागे सरकवला की शाफ्ट ट्रायपॉडसकट वाटीतून (आतल्या जॉइंटचं बाहेरचं कवच) बाहेर येऊ शकतो आणि वाटी गिअरबॉक्समध्येच राहते. मग तेल सांडायचा प्रश्न येत नाही. काही वाट्यांच्या तोंडाशी तारेची बारीक रिंग असते, ती आधी बारीक स्क्रू ड्रायव्हरने काढायची. ओढण्याआधी वाटी, ट्रायपॉड आणि शाफ्ट ह्या तिघांवर एका रेषेत रंगाची खूण करा. छिन्नीची खूण नको. रोलर बोटाने धरून ठेवा, निसटला तर आतल्या बेअरिंगच्या सुया अंगणभर होतील. मग सर्क्लिप काढून ट्रायपॉड उतरवा. त्याची कुठली बाजू बाहेर होती त्याचा फोटो काढून ठेवा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. बाजूचं कोडं सुटलं. आता जॉइंट शाफ्टवरच राहणार असेल, तर तो साफ कसा करायचा? माती गेली असेल तर जुन्या ग्रीसवर नवं भरून चालणार नाही ना?

प्रतिसाद (बडोदे)

अजिबात नाही. ग्रीसात मिसळलेली माती पॉलिश पेपरसारखं काम करते. जुनं ग्रीस चिंधीने काढा, मग शाफ्ट उभा धरून जॉइंट डिझेलने धुवा. तो सगळ्या कोनांत वाकवत राहा, म्हणजे सहाही गोळ्या फिरतील आणि मागची घाण बाहेर येईल. घरात पेट्रोल वापरू नका. पूर्ण सुकल्याशिवाय ग्रीस भरायचं नाही.

सुकल्यावर परीक्षा. जॉइंट पूर्ण वाकवून प्रत्येक गोळी आणि तिची खाच उजेडात बघा. चमकदार पट्टा चालतो. नख अडेल असा खड्डा किंवा उडालेला टवका दिसला, तर जॉइंट संपला. निळसर रंग म्हणजे कोरडा पडून तापलाय. वाकवताना जागोजागी अडकत असेल तरी नको.

ग्रीस पाकिटातलंच, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं. व्हील बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही. आतल्या आणि बाहेरच्या जॉइंटची पुडी वेगळी असेल तर अदलाबदल करू नका. बहुतेक ग्रीस बोटाने गोळ्यांमध्ये दाबा, उरलेलं बूटमध्ये.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. पट्टी आवळण्याआधी बूटच्या लहान तोंडाखाली बोथट स्क्रू ड्रायव्हर सरकवून आतली हवा जाऊ द्या. बूट फुगलेला नको, आत ओढलेलाही नको. पट्टीची घडी गाडी पुढे जाताना शाफ्ट फिरतो त्याच्या उलट दिशेला वळलेली हवी.

प्रतिसाद (इंदूर)

ताई, वयाने मोठा म्हणून दोन गोष्टी आवर्जून सांगतो. ॲक्सल काढलेला असताना, किंवा हबचं नट सैल असताना, गाडी चाकांवर ढकलू नका. व्हील बेअरिंग त्या नटाच्या दाबावर धरलेलं असतं, त्या दाबाशिवाय गाडीच्या वजनाखाली चाक फिरलं की खराब होतं. आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. मागच्या चाकांना दगड लावा, काम फरशीवर करा, मातीच्या अंगणात स्टँड रुततो. शेवटी चाक बसवून गाडी खाली आल्यावर नट टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्यावर आवळा आणि कडा खाचेत ठोका.

धागाकर्ती

काका, फरशीवरच केलं. रविवारी काम पूर्ण झालं. वाटीला रिंग होती, ती सहज निघाली आणि गिअर ऑइलचा थेंबही सांडला नाही. फाटलेल्या बाजूचं ग्रीस राखाडी झालं होतं, पण धुतल्यावर गोळ्या स्वच्छ निघाल्या, खाचांमध्ये फक्त चमकदार पट्टे. जॉइंट वाचला, मला फार आनंद झालाय! फुल लॉकमध्ये पुन्हा फिरवून बघितली, आवाज नाही, रिमवर नवं ग्रीस नाही.

शेवटचं विचारते. उजव्या बाजूच्या बूटच्या घड्यांत बारीक भेगा दिसतायत, आरपार नाहीत. महेश्वरनंतर केलं तर चालेल का?

प्रतिसाद (बडोदे)

घड्या बोटांनी ताणून भेगेच्या तळाशी बघा. तिथे ओलसर किंवा तेलकट नसेल तर महेश्वरला जाऊन या. आल्यावर मात्र लगेच करा. बूट फाटायच्या आत बदलला तर जॉइंट धुवावा लागत नाही, निम्मं काम वाचतं.