मदत हवी आहे: आज २३ वा दिवस, ताप आणि घसा धरलाय, एचआयव्हीची टेस्ट नक्की कधी करायची?

नमस्कार, नाव लिहीत नाहीये, समजून घ्या. वय ३२, घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली, नाशिकला आईबाबांकडे राहते. लांबलंय पण पूर्ण वाचा प्लीज.

२३ दिवसांपूर्वी एका ओळखीच्या माणसाबरोबर संबंध आला, दोघांच्या मर्जीने, कंडोम नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेडिकलमधून ती ७२ तासांची गोळी आणून घेतली आणि खरं सांगते, तेवढ्याने मी मोकळी झाले होते. म्हणजे डोक्यात फक्त दिवस राहतील का एवढंच होतं, आजाराचा विचारच आला नाही. आठव्या दिवशी रात्री सहज वाचत असताना कळलं की एचआयव्ही होऊ नये म्हणून पण औषध असतं, पीईपी म्हणतात, आणि ते पण ७२ तासांच्या आतच सुरू करायचं असतं आणि २८ दिवस घ्यायचं असतं. तेव्हा माझे हातपाय गार पडले. मी तर त्या ७२ तासांत मेडिकलच्या काउंटरवर उभी होते! तिथे कुणी सांगितलं असतं, पाकिटावर एक ओळ असती, तर मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले असते. शाळेत नाही, लग्नाच्या आधी नाही, नंतर नाही, कुणी कधी हे सांगितलंच नाही.

दहाव्या दिवशी एका प्रायव्हेट लॅबमध्ये रक्त दिलं. तिथे काउंटरवरच्या मुलीने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, एचआयव्ही कुणाची आहे, आणि मग मिस की मिसेस. रिपोर्ट नॉन रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह आला, लॅबवाला म्हणे टेन्शन नको, काही नाही. पण मग १८ व्या दिवसापासून ताप, १०१ पर्यंत, घसा दुखतोय, मानेला गाठीसारखं लागतं हाताला, अंग मोडून आलंय. फॅमिली डॉक्टर व्हायरल म्हणाले, पॅरासिटामॉल दिली, पण मी त्यांना खरं काही सांगितलेलं नाही, ते बाबांचे मित्र आहेत. नेटवर वाचलं तर हीच सगळी लक्षणं लिहिलीत. चार रात्री झोप नाही. माझं ताट मी वेगळं घासून ठेवते, भाची मांडीवर यायला लागली की उठून जाते. आई विचारते काय झालं म्हणून.

कुणी म्हणतं २८ दिवस, कुणी ४५, कुणी तीन महिने, कुणी सहा महिने. नक्की काय? आणि सरकारी दवाखान्यात गेले तर नाव बाहेर येईल का? पाळी पण चार दिवस पुढे गेलीय, ते गोळीमुळे की अजून काही?

प्रतिसाद १

ताई, आधी ते ताट नेहमीच्या भांड्यांत ठेव आणि भाचीला मांडीवर घे. जेवण, भांडी, मिठी, पापी, एक संडास, यातून एचआयव्ही पसरत नाही. मी आठ वर्षं आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी सल्ला आणि तपासणी केंद्रात, काउन्सेलर होते, तुझ्यासारख्या खूप जणी येऊन रडून गेल्यात, म्हणून जरा मोठं लिहिते.

लक्षणांवरून एचआयव्ही कुणालाच ओळखता येत नाही, मलाही नाही, डॉक्टरांनाही नाही. लागण झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसा, पुरळ, गाठी असं होतं हे खरं, पण साध्या व्हायरलला पण हेच होतं, आणि बऱ्याच जणांना लागण होऊनही काहीच होत नाही. म्हणजे ताप आला म्हणून आहे असं नाही आणि ताप गेला म्हणून सुटलो असंही नाही. रक्ताशिवाय उत्तर नाही.

तुझी दहाव्या दिवशीची टेस्ट फार लवकर झाली. ती निगेटिव्ह खोटी नाही, पण ती संबंधाच्या आधीचं सांगते, त्या रात्रीचं नाही. वेगवेगळे आकडे कानावर येतात कारण टेस्टच वेगवेगळ्या आहेत. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये करतात ती फोर्थ जनरेशन, तिच्यात अँटीबॉडीबरोबर (म्हणजे विषाणूशी लढायला शरीर जे बनवतं ते) विषाणूचा पी-२४ भाग पण शोधतात, ती १८ ते ४५ दिवसांत पकडते. नुसती अँटीबॉडीची रॅपिड २३ ते ९० दिवस घेते. विषाणूच मोजणारी आरएनए टेस्ट १० ते ३३ दिवसांत सांगते पण महाग असते. म्हणून लॅबवाल्याला नेहमी विचारायचं, किट कुठलं. माझं म्हणणं असं की आत्ता ताप आहे तर डॉक्टरांना खरं सांगून फोर्थ जनरेशन करून घे, मग ४५ दिवस झाले की परत, आणि ९० दिवसांनी सरकारीत एक शेवटची. सहा महिने थांबायची गरज नाही.

सरकारी आयसीटीसी म्हणजे जिल्हा रुग्णालयात, बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत पण असते, फुकट. आत वेगळ्या खोलीत बसवतात, आधी बोलतात, संमती घेतात, मगच रक्त. २०१७ चा एचआयव्हीचा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू, तुझ्या परवानगीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. नाशिकमध्ये ओळखीचं कुणी भेटेल अशी भीती असेल तर दुसऱ्या तालुक्यात जा, चालतं. आणि एकच किट रिअ‍ॅक्टिव्ह आलं तर ते पॉझिटिव्ह धरत नाहीत, तीन वेगळ्या किटवर बघून मगच सांगतात. १०९७ हा टोल फ्री नंबर आहे, रात्री जीव घाबरला तर लाव.

पाळीचं म्हणशील तर त्या गोळीने पुढेमागे होते, पण तीन आठवडे झालेत, उद्या सकाळी लघवीची टेस्ट कर, आता ती भरवशाची येईल. सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी पण तपासून घे, सगळे फक्त एचआयव्हीच्या मागे लागतात. तोपर्यंत कंडोमशिवाय संबंध नको आणि रक्तदान नको.

प्रतिसाद २

त्या माणसाला विचारलंस का? त्याने टेस्ट केली तर निम्मं टेन्शन जाईल.

धागाकर्तीचं उत्तर

विचारलं. आधी तीन दिवस फोन उचलला नाही, मग काल रिपोर्ट पाठवला, निगेटिव्ह, मागच्या आठवड्याचा. पण मग डोक्यात आलं की त्याचा पण विंडो, म्हणजे लागण होऊनही टेस्टमध्ये दिसत नाही तो काळ, असणारच ना, त्याचं आधीचं मला काय माहीत. त्यामुळे बरं वाटलं पण माझी टेस्ट मी करणारच. प्रेग्नन्सी टेस्ट सकाळी केली, एकच रेघ. ताई, तुमचं वाचून भाचीला घेऊन झोपले काल, खूप दिवसांनी.

अपडेट, ४७ वा दिवस

२४ व्या दिवशीची फोर्थ जनरेशन निगेटिव्ह होती, परवा परत केली, ती पण निगेटिव्ह. व्हीडीआरएल (सिफिलिसची टेस्ट) आणि हिपॅटायटिस बी निगेटिव्ह. ताप तेव्हाच पाच दिवसांत गेला होता. यावेळी शेजारच्या तालुक्यात आयसीटीसीत पण जाऊन आले, तिथल्या काउन्सेलर बाईंनी दार लावून घेतलं, पाणी दिलं, मिस की मिसेस विचारलं नाही. ९० वा दिवस झाला की परत बोलावलंय, सिफिलिसची पण तेव्हाच परत करणार आहेत.

परतताना आमच्या गल्लीतल्या त्याच मेडिकलमध्ये गेले आणि काउंटरवरच्या दादांना विचारलं, पीईपी माहितीये का. नव्हतं माहीत. कागदावर लिहून दिलं, ७२ तास, लगेच डॉक्टर किंवा सरकारी एआरटी सेंटर (एचआयव्हीची औषधं मिळतात ते), १०९७. ती गोळी घ्यायला येणाऱ्या बायकांना दाखवा म्हटलं. त्यांनी कागद गल्ल्याच्या काचेखाली ठेवला.

९१ व्या दिवशी रिपोर्ट आला की इथे लिहीन.