डोळे भरायचा घडीचा चाकू घट्ट झालाय, घरी खोलून साफ कसा करायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. आम्ही वरुड तालुक्यातले, घरची छोटी संत्र्याची नर्सरी आहे, जंबेरीच्या (एक रानटी लिंबू) खुंटावर डोळे भरतो, म्हणजे संत्र्याच्या फांदीवरचा डोळा सालीसकट काढून खुंटाच्या सालीत बसवतो. थंडीचं काम तोंडावर आलं आणि चाकू अडकून राहिला, म्हणून विचारतो.

चाकू दोन आहेत. एक बाबांचा जुना, कार्बन स्टीलचं पातं, लाकडी मूठ, पितळी रिबिटा ठोकलेल्या. दुसरा स्टेनलेसचा, त्याला स्क्रू आहेत, उघडला की आतली पट्टी पात्याच्या मागे खटकन येऊन बसते आणि ती बाजूला दाबल्याशिवाय मिटत नाही. दिवसभर डोळे काढले की सालीचा रस फटीतून आत जाऊन डिंकासारखा घट्ट होतो, त्यात माती, आणि एका मातृवृक्षाचा (ज्या झाडाचे डोळे काढतो त्याचा) रोग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून पातं हायपोक्लोराइटच्या (जंतुनाशक ब्लीचच्या) पाण्यात बुडवतो ते वेगळंच. तेच पाणी सांध्यात उतरतं आणि आता तिथून तांबूस रंग निघून राहिला, स्टेनलेस असून. उघडायला एवढा जोर लागतो की कधी सटकून बोटावर येईल भरवसा नाही. घरातली सगळीच हा चाकू हातात घेतात, म्हणून जुगाड नको, नीटच करायचंय.

स्क्रू चांदणीसारखे आहेत, साधा पेचकस बसत नाही. पात्याचा मुख्य स्क्रू फिरवला की दोन्हीकडून सोबतच फिरतो, सुटत नाही. खोलल्यावर लॉक पहिल्यासारखं धरेल ना? तेल कोणतं टाकायचं, घरात खोबरेल आहे? आणि बाबांचा चाकू खोलता येतो का?

प्रतिसाद (अकोला):
भाऊ, बाबाचा चाकू आजिबात खोलू नका. रिबिट ठोकून फुलवलेली असते, डोकं घासल्याशिवाय निघत नाही, आन् पाठीमागच्या स्प्रिंगचा ताण घरी पुन्हा बसवणं लय कठीण. कोमट साबणाच्या पाण्यात उघडझाप करा, जुन्या टूथब्रशनं घासा, पुरा सुकवा आन् सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. लाकडी मूठ भिजत ठेवू नका, फुगते.

आता स्क्रूवाला. मोबाईल दुरुस्तीच्या किटमधले टी-६ आन् टी-८ (चांदणी टोकाचे) बिट पाहा, बहुतेक टी-६ मुठीले आन् टी-८ मुख्य स्क्रूले बसतो. बिट ढिला बसला तर फिरवूच नका, स्क्रूचं डोकं गोल झालं की काम वाढलं. दोन्हीकडून फिरते तर दोन्ही बाजूले एक एक बिट धरा. तरी नाही सुटलं तर कंपनीनं लॉकटाईट (स्क्रू धरून ठेवणारा गोंद) लावलं असंन, सोल्डरिंग आयर्नचं टोक थोडा वेळ स्क्रूवर टेकवा, ते नरम येते. त्याआधी पात्यावर जाड टेप गुंडाळा, हे विसरू नका.

पांढऱ्या कपड्यावर खोला आन् प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. पात्याच्या दोन्ही अंगाले वायसरी (वॉशर, पातळ चकत्या) असतात, तांबूस धातूच्या नाहीतर पांढऱ्या प्लास्टिकच्या. कोणती कोणत्या बाजूची ते पाहून ठेवा. डिंक स्पिरिटनं पुसा, पॉलिश पेपर वायसरीले लावू नका. लॉकची पट्टी वाकवू नका, तिच्यावरची बारीक गोळीच पातं मिटलेलं धरून ठेवते. जोडताना वायसरीले एक थेंब तेल, पण पट्टी पात्याले जिथं टेकते ती जागा कोरडीच ठेवा, तिथं तेल लागलं तर लॉक घसरू शकते. मुख्य स्क्रू कसताना थोडं थोडं कसा, पातं आडवं हलू नये आन् अडकूही नये. जोडल्यावर पात्याची पाठ लाकडावर हलकी दाबून पाहा, लॉक सुटलं तर तो चाकू वापरू नका.

खोबरेल नको. थंडीत गोठते आन् पुढं चिकट होते.

प्रतिसाद (मोर्शी):
वरचं सगळं बरोबर, पण मूळ कारण हायपोक्लोराइट आहे. ते स्टेनलेसलाही खड्डे पाडतं. बुडवताना फक्त पातं बुडवा, सांधा वर ठेवा, मग लगेच साध्या पाण्यात धुवून पुसा. स्पिरिट वापरायचं तर हायपो पूर्ण धुतल्यावरच, दोन्ही एकत्र करू नका, विषारी वाफ होते. पात्यावर तेल राहिलं असेल तर डोळा काढण्याआधी पुसून घ्या, तेल सालीच्या आत जायला नको. आणि डोळ्याच्या चाकूला बहुतेक एकाच बाजूने उतार असतो, त्या बाजूनेच घासा, सपाट बाजू दगडावर फक्त शेवटी हलकी फिरवायची.

धागाकर्ता:
दादा, भाऊ, दोघांचेही खूप आभार. टी-८ बसला, दोन बिट धरून सुटलंसुद्धा, गरम करायची गरज पडली नाही. आत गंज थोडाच आहे, पण पांढऱ्या वायसरी एका बाजूने झिजून कागदासारख्या पातळ झाल्या. त्याच जाडीच्या नव्या अमरावती-नागपूरला कोणत्या दुकानात मागायच्या, की तांब्याच्या पत्र्यातून कापलेल्या चालतील?