स्वार्थ आणि समाधान यांतील फरक

परोपकार करणाऱ्यालाही समाधान मिळते, म्हणून प्रत्येक कृती मुळात स्वार्थीच असते, असे अनेकदा म्हटले जाते. या युक्तिवादाला इंग्लंडमधील धर्मोपदेशक जोसेफ बटलर यांनी १७२६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवचनांत दिलेले उत्तर मला आजही निर्णायक वाटते. दुसऱ्याचे भले झाल्याने मला आनंद होतो, याचा अर्थ त्याचे भले व्हावे ही इच्छा माझ्या मनात आधीच होती. ती नसती, तर त्या आनंदाला कारणच उरले नसते. समाधान हा इच्छापूर्तीचा परिणाम आहे, इच्छेचे लक्ष्य नव्हे. आपल्या मृत्यूनंतर मुलांची आबाळ होऊ नये म्हणून तरतूद करणाऱ्याला आज मिळणारा दिलासाही मुलांविषयीच्या काळजीतूनच येतो.

माणूस स्वहितासाठीच वागतो आणि त्याने तसेच वागावे, ही दोन विधाने मात्र वेगळी ठेवायला हवीत. पहिले विधान खोडल्याने दुसरे आपोआप खोडले जात नाही. सर्वांचे हित हाच नैतिकतेचा निकष मानणाऱ्या हेन्री सिजविक यांच्यासारख्या उपयुक्ततावादी तत्त्वज्ञालाही स्वहित आणि सर्वांचे हित यांच्या संघर्षात विवेकाचा कौल नेमका कोणाच्या बाजूने पडतो, याचा समाधानकारक निवाडा करता आला नव्हता. स्वार्थवादाची खरी ताकद मला तिथे दिसते.