काउन्सेलिंगने खरंच फरक पडतो का?

पुणेकरीण: ऑफिसचा ताण घरी पण सुटत नाहीये, रात्री तीनला जाग येते, छातीत धडधड, ईसीजी नॉर्मल आला तर डॉक्टर म्हणाले काउन्सेलरकडे जा. सासूबाईंच्या मते हे रिकाम्या डोक्याचे उद्योग. तिथे करतात काय, नुसत्या गप्पा?

ठाणेकर: नुसत्या गप्पा नाही ओ. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायची थेरपी असेल तर होमवर्क असतो, काय घडलं, मनात काय आलं, भीती दहापैकी किती, सगळं वहीत लिहायचं आणि मग तो विचार तपासायचा. सुरुवातीला जाम कंटाळा येतो, सोडू नका. थायरॉइडपण बघून घ्या, त्यानेही धडधडतं.

स्वरा: गोळ्या काउन्सेलर देत नाही हं, त्या डॉक्टर देतात, म्हणजे सायकिॲट्रिस्ट वगैरे. फी झेपत नसेल तर टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

पुणेकरीण: थायरॉइड करते उद्याच. ती वही ऑफिसात कशी काढू पण?

ठाणेकर: मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा की, मी लोकलमध्ये उभ्याउभ्या लिहायचो.